मैत्रिणीला माहीत, आईला नाही

प्रश्न : माझी मुलगी नववीत आणि मुलगा अकरावीत आहे. मुलीची पाळी सातवीच्या शेवटी सुरू झाली. मध्यंतरी तिला दोन महिने पाळी आली नव्हती, हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं! त्या मैत्रिणीने हिला सांगितलं होतं की पोटात गाठ झाली की असं होतं. पोरगी आठवडाभर धड जेवत नव्हती आणि मला वाटत होतं, चाचणी परीक्षेचं टेन्शन असेल. मुलगा तर घरात तोंडच उघडत नाही, पण मित्रांमध्ये काय काय चालतं ते कानावर येतं. ह्यांचं म्हणणं, या गप्पांनीच मुलं बिघडतात, दोघांचे मोबाइल काढून घे. जाऊबाई म्हणतात, आपल्याला तरी आईने कुठे काय सांगितलं होतं, मैत्रिणींकडूनच कळलं ना? बरोबर कोण?
— एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी मुलीचं बघू. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होणं नेहमीचं आहे. या काळात दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडतंच असं नाही. मेंदू, त्याच्या खालची पीयूषिका ग्रंथी आणि अंडाशय यांचा मेळ जमायला वेळ लागतो, आणि तो जमेपर्यंत पाळीचं वेळापत्रक डळमळतं. म्हणून या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर साधारण धरतात, आणि एखाद्या वेळी ते त्याहूनही लांबतं. तीन महिने उलटून गेले, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त टिकला किंवा तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. शरीरसंबंध आला असण्याची शक्यता असेल तर इतकीही वाट पाहू नये. आणि गाठीबद्दल : निव्वळ पाळी लांबली एवढ्यावरून गाठ आहे असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही.

आता घरातला वाद. तुमचे यजमान आणि तुमच्या जाऊबाई, दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. त्या मैत्रिणीने नेमकं काय काय केलं ते बघा. तिने चुकीची माहिती दिली, हे खरं. पण तुमच्या मुलीची भीती तिने ऐकून घेतली, तिला हसली नाही, गावभर केलं नाही, आणि आपल्याला झेपत नाही असं दिसल्यावर स्वतःच्या आईच्या कानावर घातलं. तुमच्यापर्यंत बातमी पोचली ती याच गप्पांच्या वाटेने. म्हणजे माहिती देण्यात ही मुलगी नापास आणि सोबत करण्यात वर्गात पहिली. या वयातल्या बहुतेक मित्रमैत्रिणींचं प्रगतिपुस्तक असंच असतं. यजमान पहिल्या विषयाचे मार्क बघतात, जाऊबाई दुसऱ्याचे.

मुळात मुलं आधी मित्रांकडेच का जातात? आईबापांवर विश्वास नसतो म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो पालकांना फार लागतो. कारण बरंच साधं आहे. मुलीने घरात विचारलं, ‘पाळी चुकली की काय होतं?’ तर उत्तराआधी उलटा प्रश्न येतो : ‘तू हे का विचारतेस?’ तिथे तिचा प्रश्न हा कबुलीजबाब ठरतो. मग मूळ शंका बाजूला राहते आणि चौकशी सुरू होते. मैत्रीण असं विचारत नाही. तिलाही तीच शंका असते, तिचंही एखादं गुपित हिच्याकडे असतं, त्यामुळे दोघी एकमेकींच्या बाबतीत सुरक्षित असतात. शाळेकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. पण तो ‘घरी वाचून या’ म्हणून उरकणारे वर्ग पुष्कळ. २००७ मध्ये तर महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच विरोधामुळे थांबवला होता. घरात चौकशी, शाळेत मौन. मग शंका जाणार कुठे? मधल्या सुट्टीत.

याला मेंदूचीही साथ आहे. २००५ मध्ये अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ चे तरुण आणि २४ च्या पुढचे प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की दामटायचं, हा त्यातला प्रश्न. एकटे असताना तिन्ही गट साधारण सारखेच वागले. मग प्रत्येकाच्या मागे त्याच्याच वयाचे दोन सोबती उभे केले. प्रौढांमध्ये काही फरक पडला नाही. किशोरांनी मात्र कितीतरी जास्त धोका पत्करला. पुढच्या अभ्यासांत दिसलं की सवंगडी बघताहेत एवढ्याने या वयात मेंदूतले बक्षिसाला दाद देणारे भाग अधिक चेततात. म्हणजे मुलाला धोका कळत नाही असं नसतं. तो त्याला कळतो. पण मित्रांसमोर त्याचं वजन कमी भरतं. आपल्याकडे तीन जण एका बाइकवर बसून जालना रोडने जाताना दिसतात, त्यातल्या कोणालाही अपघात म्हणजे काय ते माहीत नसतं असं थोडंच आहे!

इथे तुमच्या यजमानांना बळ मिळाल्यासारखं वाटेल. पण सोबत्यांचा दाब जसा धोक्याकडे ढकलतो तसा तो मागेही खेचतो. ‘आमच्यात कोणी असले व्हिडिओ फॉरवर्ड करत नाही’ हे वाक्य आईने म्हटलं तर उपदेश होतो, मित्राने म्हटलं तर नियम. मैत्रिणीने ‘नको जाऊस, मी पण नाही जात’ म्हटलं की नकार देणारी एकटी पडत नाही. गप्पा आहेत की नाहीत याने फार काही ठरत नाही. त्या गप्पांत कुठला माल येतो, याने ठरतं.

तो माल कुठून येतो ते बघितलं की गंमतही वाटते आणि वाईटही. काही मोबाइलवरून, काही मोठ्या भावाच्या मित्राकडून, आणि काही थेट भिंतींवरून. बसस्टँडच्या, रेल्वे रुळांच्या कडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, धातुदुर्बलता, खात्रीशीर इलाज’ असं लिहिलेलं असतं ना, ते पंधरा-सोळा वर्षांची मुलं आपण समजतो त्यापेक्षा फार बारकाईने वाचतात. वीर्याचा एक थेंब रक्ताच्या अमुक थेंबांपासून बनतो, तो गेला की ताकद गेली, ही त्या भिंतींची मूळ शिकवण. हे साफ खोटं आहे. वीर्य रक्तापासून आटवून बनत नाही. शरीर ते सतत तयार करत राहतं. झोपेत वीर्यस्खलन होणं हे वयात आल्याचं लक्षण आहे, रोगाचं नाही. हस्तमैथुनाने अंधत्व, क्षय, नपुंसकत्व, केस गळणं यातलं काहीही होत नाही. पण या भीतीने पोरं खरोखर खंगतात. थकवा, धडधड, अभ्यासात लक्ष नसणं ही भीतीचीच लक्षणं, आणि ती दिसली की मुलाला वाटतं, बघा, ताकद चालली! लखनौचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या भीतीच्या आजाराला वैद्यकात नाव दिलं. इलाजाची गरज असते ती या भीतीला, आणि भिंतीवरचा वैद्य नेमकी तीच विकत असतो.

हा गैरसमज घालवायचा प्रयत्न मराठीत फार पूर्वी झाला आहे, आणि तोही तुम्ही वाचताय तशाच सदरातून. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळपास एकट्याने चालवलं. वाचक त्यांना पत्रं लिहून नको ते प्रश्न विचारत आणि ते सरळ उत्तरं छापत. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरचे होते. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना शंका आहेत म्हणून ते विचारतात, आणि त्यात काही विकृत असेलच तर तेही ज्ञानानेच जाईल, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. खटला हरले, दंड झाला.  मला नेहमी वाटतं, कर्व्यांना पत्र पाठवणाऱ्यांना एखादा जाणता मित्र जवळ असता तर पोस्टाचं तिकीट वाचलं असतं.

मुलींच्या गप्पांतला माल थोडा वेगळा. पाळीत खेळू नये, व्यायाम करू नये, डोक्यावरून नाहू नये. पहिल्या वेळी दिवस जात नाहीत. मेडिकलमध्ये मिळणारी ‘७२ तासांची गोळी’ हवी तेव्हा घेतली तरी चालते. पहिल्या तिन्हींना आधार नाही. उलट हालचालीने पोटदुखी बऱ्याच जणींना कमी वाटते. पहिल्या वेळीही दिवस जाऊ शकतात. गोळीचं म्हणाल तर ती तातडीची आहे, नेहमीची नाही. जितकी लवकर घ्याल तितकी जास्त उपयोगी. तरी तिची हमी शंभर टक्के नसते, आणि लैंगिक संसर्गापासून ती अजिबात वाचवत नाही. गर्भ पाडायच्या गोळ्या कोणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून परस्पर घेणं तर जिवावर बेतू शकतं. हे शेवटचं वाक्य घराघरांत मोठ्याने म्हटलं जायला हवं.

पण या सगळ्यापेक्षा जास्त नुकसान करणारी एक बातमी मित्रांकडून येते, ती म्हणजे ‘सगळेच करतात’. १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबद्दल डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी एक अभ्यास केला. जवळजवळ प्रत्येकाला आतून अवघडल्यासारखं होत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे मात्र मजेत आहेत. कोणीच बोलत नव्हतं, म्हणून कोणालाच कळत नव्हतं. लैंगिक बाबतीत हेच घडतं, कारण बढाई मारणारा मोठ्याने बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. आपल्याकडची आकडेवारी बघा. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत पन्नास हजारांवर तरुण-तरुणींना विचारलं. लग्नाआधी शरीरसंबंध आल्याचं सुमारे १५ टक्के मुलांनी आणि ४ टक्के मुलींनी सांगितलं. आकडे आता जुने आहेत आणि अशा बाबतीत काही जण लपवणार, हेही धरा. तरीही ‘सगळेच’ या शब्दापासून ते किती लांब आहेत! आणखी एक, शहरातल्या मुलांपेक्षा खेड्यातल्या मुलांत हे प्रमाण जास्त निघालं. शहर बिघडवतं या आपल्या आवडत्या सिद्धांताचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

मग मित्रमैत्रिणींच्या बोलण्यातून काही चांगलं घडवता येतं का? याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बीड रस्त्यावरचं पैठण तालुक्यातलं पाचोड आपण मोसंबीच्या बाजारासाठी ओळखतो. तिथे डॉ. अशोक दयालचंद यांची इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी या संस्थेने आसपासच्या खेड्यांत १२ ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. रोज एक तास, आणि असे २२५ तास. शिकवायला पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञ नव्हत्या. गावातल्याच निदान सातवी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन उभं केलं होतं. विषयही फक्त पाळी आणि गर्भधारणा नव्हते. आहार, बाळाचं आरोग्य, गावातल्या संस्था कशा चालतात, आपलं म्हणणं कसं मांडायचं, असं बरंच काही होतं.

आता याचा लैंगिक आरोग्याशी काय संबंध, असं सिडकोत बसून वाटू शकतं. शहरातल्या पालकाला ‘लैंगिक आरोग्य’ म्हटलं की मुलांची प्रेमप्रकरणं आठवतात. खेड्यातल्या मुलीचं लैंगिक आयुष्य बहुधा लग्नाने सुरू होतं, आणि लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी झालं तर पहिलं बाळंतपणही अर्धवट वाढलेल्या शरीरावर येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यामुळे पाचोडच्या परिसरात मोजायची गोष्ट होती लग्नाचं वय. १९९७ ते २००१ या काळात वर्गांच्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यक वय, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या मुलींची लग्नं होतात ते, १६ वरून १७ वर गेलं. एका वर्षाचा फरक ऐकायला थोडा वाटतो. पण तिथे ते अख्खं एक वर्ष शाळेचं, वाढीचं आणि बाळंतपण पुढे गेल्याचं असतं. ज्यांनी वर्ग पूर्ण केला त्यांच्यात फरक अधिक ठळक होता. मुलीला वर्षभर रोज संध्याकाळी बाहेर पाठवणारं घर आधीच थोडं मोकळं असणार, तेवढी वजावट धरूनही हे लक्षात घेण्याजोगं आहे.

हे कशाने झालं असेल? निव्वळ माहितीने नव्हे, असं माझं मत. लवकर लग्न वाईट हे त्या गावांत कोणाला माहीत नव्हतं असं नाही. भिंतींवर रंगवलेलं होतंच. पण एकटी मुलगी घरात ‘मला एवढ्यात नको’ म्हणाली तर ती हट्टी ठरते. आळीतल्या वीस जणी रोज एकत्र बसतात, एकीची आई दुसरीच्या आईला भेटते, वर्गाच्या बाई गावातल्याच असतात, तेव्हा तेच वाक्य गावातलं एक मत होतं. बापालाही ‘सगळ्यांच्याच पोरी शिकताहेत’ असं म्हणायची सोय मिळते. इथे ‘सगळेच’ हा शब्द पहिल्यांदा मुलींच्या कामाला आला.

सरकारनेही हा मार्ग धरला आहे. ७ जानेवारी २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, १० ते १९ वयोगटासाठी. त्यात निवडक जिल्ह्यांत हजार लोकवस्तीमागे दोन मुलं आणि दोन मुली ‘साथिया’ म्हणून निवडायचे, त्यांना शिकवायचं आणि त्यांनी आपल्या वयाच्या मुलामुलींचे छोटे गट घ्यायचे, अशी कल्पना आहे. जोडीला सरकारी दवाखान्यांत किशोरांसाठी सल्ला केंद्रं. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात.

कल्पना गोड आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेतले वेंकटरामन चंद्र-मौली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगभरचे असे कार्यक्रम तपासले आणि बजावलं की नुसतं समवयस्कांकडून शिक्षण दिल्याने बाकीच्यांचं वागणं फारसं बदलत नाही. सगळ्यात जास्त फायदा होतो तो शिकवणाऱ्या मुलाला! त्याचं ज्ञान वाढतं, तोंड उघडतं, धीटपणा येतो; समोर बसलेल्यांचं मात्र बरंचसं तसंच राहतं. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या २७ शाळांतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १३-१४ वर्षांच्या मुलांना १६-१७ वर्षांच्या मुलांनी शिकवलं. शिक्षकांपेक्षा हे वर्ग मुलांना आवडले. सोळाव्या वर्षापर्यंत शरीरसंबंध आलेल्या मुलींचं प्रमाणही थोडं कमी निघालं, सुमारे ४१ ऐवजी ३५ टक्के. मुलांमध्ये फरक नाही. आणखी काही वर्षांनी बघितलं तर गर्भपातांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. त्या पाहणीतलं मला सगळ्यात पटलेलं वेगळंच आहे : ५७ टक्के मुलींना आणि ३२ टक्के मुलांना निदान काही तास तरी मुलामुलींचे वेगळे हवे होते. मुलामुलींना एकत्र बसवलं की मोकळेपणा आपोआप येतो, ही समजूत तिथेच निकालात निघाली.

म्हणून समवयस्कांकडून एकच अपेक्षा ठेवावी, पण ती पक्की : अडलेल्याला ओळखणं, त्याला न हसणं, आणि जाणत्या माणसापर्यंत घेऊन जाणं. त्या मैत्रिणीने हे न शिकवता केलं. पुढच्या वेळी तुमच्या मुलीला योग्य माहिती सांगाल तेव्हा ‘हे तुझ्या मैत्रिणीलाही सांग हं’ एवढं जोडा. ज्या वाटेने गाठीची बातमी आली त्याच वाटेने खरी माहिती परत जाईल, आणि तुमच्या मुलीला जाणकार असण्याचा मान मिळेल. या वयात त्या मानाची किंमत फार असते.

घरातल्या बोलण्याचा उपयोग होत नाही, असं समजून मात्र गप्प बसू नका. पन्नासहून जास्त अभ्यास आणि पंचवीस हजारांवर किशोरांची माहिती एकत्र करून लॉरा विडमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पाहिलं, की आईबाप या विषयावर बोलतात त्या घरातल्या मुलांचं पुढचं वागणं थोडं अधिक सुरक्षित असतं; मुलींच्या बाबतीत जास्त, आणि आई बोलली तर जास्त. परिणाम माफक आहे, पण आहे. समोरासमोर बसवून ‘आज आपण बोलू या’ असं मात्र करू नका, पोरं पळतात. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेली असताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडत नाही अशा वेळी विषय सोपा जातो. उत्तर दोन वाक्यांत द्या. माहीत नसेल तर ‘विचारून सांगते’ म्हणा आणि खरंच विचारून सांगा. आणि तो उलटा प्रश्न, ‘तू हे का विचारतेस?’, तो मनातच ठेवा.

मोबाइलचं. काढून घेतल्याने गप्पा थांबत नाहीत, दुसऱ्याच्या मोबाइलवर जातात, आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा एक नियम घालून द्या, त्याचं कारण समजावून सांगा आणि तो मोडू देऊ नका : कोणाचाही उघडा फोटो मागायचा नाही, पाठवायचा नाही, आला तर पुढे ढकलायचा नाही. अठराच्या आतल्या कोणाचं असं चित्र बाळगणं-पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आणि पोक्सो या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याखाली गुन्हा आहे, पाठवणारा स्वतः शाळेतला असला तरी. कोणी फोटोवरून धमकावत असेल तर मुलाने पैसे देऊ नयेत, चॅट पुसून टाकू नये, घरी सांगावं. बालकांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक आहेत. ‘दोघांची मर्जी असेल तर काय बिघडलं’ हेही मित्रांकडून येणारं कायदेपांडित्य. २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठराच्या आतल्या मुलामुलीची संमती धरलीच जात नाही. या कायद्याच्या धास्तीने अडचणीत आलेल्या मुलीला डॉक्टरकडे न्यायला आईबाप कचरतात. त्यांच्यासाठी, सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं आहे की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही.

राहिला तुमचा मुलगा. पत्रात त्याच्या वाट्याला एकच वाक्य आलं आहे, आणि बहुतेक घरांत असंच होतं. मुलीला निदान पाळीच्या निमित्ताने कोणीतरी काहीतरी सांगतं. मुलाला बाप सांगत नाही, आई सांगू शकत नाही, मग उरतात भिंती आणि मोबाइल. मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शरीराच्या मापांबद्दल, बाईच्या ‘नाही’बद्दल जे शिकायला मिळतं ते धातुदुर्बलतेपेक्षा वाईट. महाराष्ट्रात ‘मावा’ ही पुरुषांची संघटना हरीश सदानी यांच्या पुढाकाराने गेली अनेक वर्षं कॉलेजच्या मुलांना तयार करते, आणि ती मुलं दुसऱ्या मुलांशी पुरुषपणा, प्रेम, नकार यांवर बोलतात. तिथे येणाऱ्या मुलांची अडचणही तुमच्या मुलासारखीच असते : घरात विचारायला कोणी पुरुष नाही. तेव्हा फोन काढून घ्यायचं काम यजमानांनी माझ्यावर सोपवावं, मी ते विसरून जाईन. त्यांनी मुलाला एक साधी गोष्ट सांगावी, की झोपेत चड्डी ओली होणं त्यांनाही त्या वयात झालं होतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. एवढ्याने सुरुवात होते. त्यांना अगदीच जमत नसेल तर मामा, काका, ओळखीचे फॅमिली डॉक्टर यांतल्या एकाला सांगावं. भीती किंवा उदासी फार दिवस टिकली, झोप-जेवण बिघडलं, तर घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही. डॉक्टरकडे न्याल तेव्हा सुरुवातीला सोबत बसा, मग पाच मिनिटं स्वतःहून बाहेर थांबा. मुलं खरं कारण त्याच पाच मिनिटांत सांगतात.